फुटाचा भाव सांगण्याआधी

प्रश्न: काका, मंदसौरच्या उद्यानिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन मी दिवाळीनंतर इंदुरात बागा करून देण्याचं स्वतःचं काम सुरू केलं. पहिलं मोठं काम साकेत भागात, बाबांच्या मित्रांच्या बंगल्याचं. नऊशे चौरस फूट लॉन, दोन बाजूंनी हेज (झुडपांचं कुंपण), थोडी फुलझाडं. सामान आणि मजुरी मिळून ५६,००० होत होते, त्यावर दहा टक्के लावून गोल ६२,००० सांगितले. त्यांनी लगेच हो म्हटलं. काम सहा दिवस चाललं, सगळे खूश झाले. माझ्या हातात सहा हजार उरले, तेही पेट्रोल आणि फोनमध्ये गेले. आता बिचोली मर्दानाला एका नव्या बंगल्याच्या बागेचं कोटेशन द्यायचं आहे. ते म्हणतात, नर्सरीवाला ३५ रुपये फुटाने लॉन लावून देतो, तुमचा फुटाचा भाव काय? शिवाय नात्यातली तीन कामं रांगेत आहेत आणि आई म्हणते, आपल्या माणसांकडून कसला नफा घ्यायचा. माझी किंमत मी कशी ठरवू?
– राजेंद्रनगरची बागवाली

चि. बागवाली,

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते ‘त्यांनी लगेच हो म्हटलं’ हे वाक्य. सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) प्लेटवरसुद्धा घासाघीस करणारी आपली माणसं ६२,००० ला एका दमात हो म्हणतात, तेव्हा आकड्यात काहीतरी धरायचं राहून गेलेलं असतं. ते आधी शोधू, मग बिचोलीकडे वळू.

मी हिशेबाचा माणूस. झाडापानातलं तुला माझ्याहून जास्त कळतं. पण बागांचे ठेके घेणाऱ्या काही जणांच्या वह्या वर्षानुवर्षं माझ्या टेबलावर येतात आणि नव्या माणसाचं पाणी बहुतेक वेळा एकाच जागी मुरतं. तो सामान मोजतो, मजूर मोजतो, आणि स्वतःला मोजायचं विसरतो. तुझ्या ५६,००० मध्ये मजुरांची रोजंदारी आहे. सहा दिवस त्यांच्याबरोबर तूही उन्हात उभी होतीस, त्याआधी नर्सऱ्या पालथ्या घातल्यास, रात्री बसून आराखडा काढलास. याचे पैसे कुठल्या ओळीत लिहिलेस? ते सहा हजार म्हणजे माझेच की, असं तू म्हणशील. पण स्कूटर, फोन, अवजारं, मोकळे गेलेले दिवस, मेलेली रोपं हे सगळे त्याच सहा हजारांच्या दारात उभे आहेत. तुझ्यापर्यंत काही पोचलंच नाही.

एक कागद घे. दर महिन्याला काम असो नसो जाणारा खर्च लिही: पेट्रोल, फोन, सामान ठेवायच्या खोलीचं भाडं, फावडी-कुदळींची दुरुस्ती, लॉन कापायच्या मशीनची झीज, हिशेब लिहिणाऱ्याचे पैसे. समज, हे १२,००० झाले. त्याखाली तुला स्वतःला घरी न्यायचा पगार लिही. समज, २५,०००. हे आकडे नमुन्याचे आहेत, तू तुझे टाक. बेरीज महिन्याला ३७,०००, वर्षाला ४,४४,०००.

आता वर्षात साइटवर उभं राहून पैसे मिळतील असे दिवस किती? तीनशे पासष्टातून बावन्न रविवार काढ. दिवाळी, होळी, रंगपंचमी, गणपती काढ. रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीच्या दिवशी कुठला मजूर कामावर येतो ते मला दाखव. मग आपला पावसाळा: काळ्या मातीत पाऊल घातलं की चप्पल मातीतच राहते, असे सगळे दिवस काढ. उरलेल्यातले बरेचसे जागा बघण्यात, नर्सरीत, आराखड्यात आणि उधारी वसूल करण्यात जातात. सुरुवातीच्या वर्षात दीडशे दिवस उरले तरी पुष्कळ झाले.

४,४४,००० भागिले १५०, म्हणजे २,९६०. तुझा साइटवरचा एक दिवस जवळपास तीन हजारांचा आहे, एक रोपही विकत घेण्याआधी. साकेतच्या कामाला सहा दिवस लागले, त्याचे १७,७६० झाले. तुला मिळाले ६,०००. म्हणजे सहा हजारांची कमाई राहू दे, उलट ११,७६० तू पदरचे घातलेस. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजल्यास आणि वर पावतीही फाडलीस.

तेच काम पुन्हा मांडू. सामान-मजुरी ५६,०००, तुझे सहा दिवस १७,७६०. शंभरातली पाच-दहा रोपं लागत नाहीत आणि ती तुलाच बदलून द्यावी लागतात, त्यासाठी ३,००० धर. झाले ७६,७६०. इथे काम फिटलं. आता धंद्याचा नफा, म्हणजे उद्या चांगलं मशीन घेता यावं किंवा एखादा ग्राहक बुडवून गेला तर उभं राहता यावं यासाठीचा पैसा. तो बिलाच्या दहा टक्के हवा असेल तर ७६,७६० ला ०.९ ने भागायचं. उत्तर ८५,००० च्या जरा वर येतं.

भागायचं का, दहा टक्के नुसते चढवायचे का नाहीत, यावर थोडं थांबायला हवं, कारण बरेच जण इथेच फसतात. १०० च्या खर्चावर २५ चढवले की बिल १२५ होतं, पण १२५ मधले २५ म्हणजे बिलाचे २० टक्केच. बिलाचे खरे २५ टक्के उरायला हवे असतील तर खर्चावर ३३ टक्के चढवावे लागतात. आणि सूट नेहमी वरच्या आकड्यावर मागितली जाते. तू १०० वर दहा टक्के चढवून ११० सांगितलेस, समोरच्याने ‘दहा टक्के तरी कमी करा’ म्हटलं आणि तू मान डोलावलीस, तर हातात ९९ येतात. सगळ्यांनी हसतमुखाने चहा घेतला आणि तुझा खर्चाचाही एक रुपया गेला.

इथवरचं घरात बसून करता येतं. यापुढचं साइटवर जाऊनच, आणि नव्या बागवाल्यांचं खरं नुकसान तिथेच होतं.

बिचोलीला कोटेशन देण्याआधी पहार आणि फावडं घेऊन जा. बागेच्या जागेत तीन ठिकाणी फूट-दीड फूट खणून बघ. नवा बंगला म्हटला की वरच्या चार इंच गोजिऱ्या मातीखाली विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, टाइल्स, रंगाचे डबे बहुतेक वेळा निघतात. मलबा उचलून न्यायला गाडी लागते, तो बागेतच पुरला तर फुकटात काम होतं. बांधणारा निघून जातो, आणि तीन महिन्यांनी लॉन पिवळी पडली की दोष तुझ्या खताला लागतो. तीनपैकी दोन खड्ड्यांत मलबा निघाला तर घरमालकाला तिथेच उभं करून दाखव, फोटो काढ आणि मलबा काढून नेण्याची ओळ कोटेशनमध्ये वेगळी लिही. त्याने दुसऱ्याकडून काढून घेतला तरी तुला काय करायचंय? ती ओळ तुझ्या फुटाच्या भावात विरघळता कामा नये, एवढंच.

मग माती. माळव्याची काळी माती गव्हाला-सोयाबीनला सोनं असेल, पण लॉनखाली ती पावसात चिकटते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आकसते. हे फुगणं-आकसणं तिच्या चिकणमातीतच आहे. पेव्हरची (सिमेंटच्या फरशी-ठोकळ्यांची) पायवाट थेट तिच्यावर टाकलीस तर पहिल्या पावसाळ्यानंतर ती लाटेसारखी दिसेल. खाली मुरमाचा दाबलेला थर हवा, आणि मुरूम, तो दाबणं, त्याची मजुरी यांचेही पैसे हवेत. लॉनसाठी रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळून वरचा थर हलका करावा लागतो, पाण्याला उतार द्यावा लागतो. नऊशे फुटांवर सहा इंच माती म्हणजे साडेचारशे घनफूट. पण भुसभुशीत माती पाणी प्याली की बसते, म्हणून पाचवा हिस्सा जास्त, ५४० घनफूट धर. आणि ट्रॉलीवाला ‘शंभर फुटाची आहे’ म्हणेल त्यावर जाऊ नकोस, टेप लावून लांबी, रुंदी, उंची मोज. ट्रॉल्यांमध्ये फरक असतो, आणि तो तुझ्या खिशातून जातो.

त्याच मातीबरोबर लव्हाळा हे तण येतं. शेतातल्या मातीत त्याच्या गाठी असतात आणि लॉनला पाणी मिळालं की गवताआधी तोच वर येतो. गाठीसकट उपटावा लागतो, एकदा उपटून भागत नाही. पहिल्या दोन महिन्यांची निंदणी कोण करणार, हे लिहिलेलं नसेल तर ती तूच करणार, फुकट. कोटेशनमध्ये दोन महिन्यांच्या देखरेखीचे दिवस मोजून धर, किंवा ‘निंदणी ग्राहकाच्या माळ्याकडे’ असं स्पष्ट लिही.

हेजची रोपं अंदाजाने सांगायची खोड लावून घेऊ नकोस. साठ फूट हेजला फुटाफुटावर साठेक रोपं लागतात, नऊ इंचांवर ऐंशी, आणि दाट दिसावी म्हणून दुहेरी ओळ केलीस तर एकशे साठ. ‘साठ फूट हेज’ एवढंच लिहिलंस तर तू साठ रोपांचे पैसे घेशील आणि ग्राहक डोळ्यासमोर एकशे साठ बघत बसेल.

पाणीही आधीच बोलून घे. लॉनवर रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तर नऊशे फुटांना चारशे लिटरच्या वर लागतं, मे महिन्यात आणखी. नर्मदा १९७८ पासून जलूदहून सत्तर किलोमीटर चढवून इंदुरात आणली जाते, आणि तरीही कितीतरी वस्त्यांत नळ एक दिवसाआड येतो. ज्यांच्याकडे बोअर नाही, त्यांना हा आकडा सांग. काही जण तिथेच लॉन अर्धी करून बाकी जागेत कण्हेर, बोगनवेल, चाफा लावायला तयार होतात. तुझं बिल थोडं उतरेल, पण उन्हाळ्यात ‘तुमची लॉन जळाली’ असे फोन येणार नाहीत.

आता तो ३५ रुपये फूट. नर्सरीवाला खोटं बोलत नाही, त्याचा ३५ म्हणजे काय ते विचारायला हवं. बहुतेक वेळा तो फक्त गवताच्या काड्या टोचून देण्याचा भाव असतो. खणणं, मलबा, माती, खत, उतार, निंदणी यातलं काही त्यात नसतं. टोचलेली लॉन भरायला दोन-तीन महिने लागतात. गवताच्या तयार लाद्या अंथरल्या तर त्याच दिवशी हिरवं दिसतं, पण पैसे पुष्कळ जास्त. बिचोलीवाल्यांना सांग: ‘त्यांच्याकडून यादी घ्या, मी माझी देते, दोन्ही शेजारी ठेवून बघा.’ नर्सरीवाल्याची निंदा करू नकोस. रोपं घ्यायला परवा त्याच्याच दारात जाणार आहेस.

फुटाचा भाव कधीच सांगू नये असं नाही. दहा-बारा कामांच्या नोंदी तुझ्या वहीत झाल्या की कुठल्या मातीत, कुठल्या पद्धतीने फुटाला किती पडतात ते तुला पाठ होईल. तोवर पूर्ण कामाचा आकडा दे. वही मात्र आजपासून: किती मजूर, किती दिवस, किती ट्रॉल्या, किती रोपं मेली. रोज संध्याकाळी साइटवरच लिही, घरी गेल्यावर आठवत नाही.

कोणी आकडा कमी करायला सांगितला की भाव कमी करू नकोस, काम कमी कर. लाद्यांऐवजी टोचलेली लॉन, पाच फुटी झाडांऐवजी दोन फुटी, पेव्हर पुढच्या वर्षी. लाखाचं काम ऐंशी हजारांत बसवता येतं, फक्त त्यातलं वीस हजारांचं काही तरी गळायला हवं. कारण नसताना वीस हजार उतरवलेस तर आधीचा आकडा फुगवलेला होता असंच समोरचा समजणार, आणि त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

आईचा मुद्दा सोपा नाही. इंदुरातलं मराठी जग म्हणजे चार गल्ल्या. सानंद या आपल्या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात कोणी तरी खांद्यावर हात ठेवून ‘अगं, आमच्या गच्चीचं जरा बघून जा ना’ म्हणणारच. गच्ची बघायला जायचं म्हणजे अर्धा दिवस, म्हणजे दीड हजार. तिथे हसून म्हणायचं, ‘येते की मावशी, बघण्याचे आणि आराखड्याचे एवढे घेते, काम दिलंत तर बिलातून वजा करते.’ ज्यांना खरंच काम करून घ्यायचं असतं ते हो म्हणतात, बाकीच्यांना मोगऱ्याला कळ्या का येत नाहीत एवढंच विचारायचं असतं. ते फुकट सांग, त्याने काही बिघडत नाही.

घरच्या माणसांना द्यायचंच असेल तर तुझा नफा सोड, तुझा पगार आणि खर्च सोडू नकोस. वरच्या हिशेबात ८५,००० चे ७६,७६० होतात. सूट बिलावर दिसू दे: मूळ आकडा, खाली ‘घरचे म्हणून’ वजा, मग घ्यायची रक्कम. न दाखवता थेट कमी लावलेस तर तोच आकडा तुझा भाव म्हणून दुसऱ्या दिवशी रामबागेत पोचतो, आणि तिथून येणारा प्रत्येकजण त्याच्यावर आणखी सूट मागतो. आईला हा लेख वाचायला दे. मुलीने सहा दिवस उन्हात राबून पावणेबारा हजार घालवले हे कळलं की तीच मावशीला फोन करेल.

पैसे घेण्याची पद्धत थोडक्यात. निम्मे आधी, कारण माती-खत-रोपं रोखीत येतात आणि ग्राहकाची बाग तुझ्या पैशाने उभी राहता कामा नये. जमीन तयार झाली की तीस टक्के, लागवड संपताच पंधरा, उरलेले पाच महिन्याभराने, मेलेली रोपं बदलून दिल्यावर. शेवटची रक्कम छोटी ठेवण्याचं कारण उघड आहे. वीस हजार अडकले तर तू सहा चकरा मारशील.

जीएसटीबद्दल तू विचारलं नाहीस, पण पुढच्या वर्षी विचारशील. सेवेच्या कामात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर नोंदणीची सक्ती नाही. उलाढाल म्हणजे पूर्ण बिल, तुझा नफा नव्हे. ८५,००० ची कामं महिन्याला दोन झाली की वर्षाचे २०,४०,००० होतात. तेव्हा बिलांची बेरीज दर महिन्याला बघत जा. आणि एखाद्या कंपनीचं काम मिळालं तर ३०,००० वरच्या बिलातून ते एक टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतील. तो बुडत नाही, रिटर्न भरून परत मिळतो किंवा करात वळता होतो. पॅन मात्र आधी दे, नाहीतर बराच जास्त कापला जातो.

एक गोष्ट पत्रात कुठेच दिसली नाही: महिन्याच्या देखभालीची कामं. नव्या बागा हंगामात येतात, भाडं आणि फोन बाराही महिने. केलेल्या प्रत्येक बागेच्या मालकाला आठवड्याला एका फेरीचा करार विचार. अशा आठ-दहा बागा झाल्या की ते १२,००० तिथून निघू लागतात, आणि मग वरच्या भागाकारातला २,९६० खाली येतो. तेव्हा तू खरोखर स्वस्त काम देऊ शकशील, पदरचे न घालता. शिवाय त्या बागांचा पालापाचोळा तुझा. पालापाचोळा आणि शेण थरांनी रचून, ठरावीक दिवसांनी उलटंपालटं करून खत करण्याच्या पद्धतीला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ती इथेच, इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेत बसवली. साधारण तीन महिन्यांत खत तयार होतं. तू मंदसौरला हे शिकलीच असशील. हिशेबाच्या बाजूने मी एवढंच जोडतो की घरचं खत कोटेशनमध्ये बाजारभावानेच लाव. ते उलटंपालटं करायला गेलेले तासही तुझेच होते.

बिचोलीवाल्यांना या आठवड्यात असं कळव: ‘जागा खणून बघितल्याशिवाय आकडा सांगत नाही, शनिवारी येते.’ खणून आल्यावर दोन आकडे दे, एक लाद्यांच्या लॉनचा, एक टोचलेल्या लॉनचा. दोन्हींत काय आहे आणि काय नाही हे लिही. वेगळी ओळ लावली नसेल तर मलबा, शिवाय टँकरचं पाणी, वीज आणि ग्राहकाने मध्येच बदललेला विचार ‘नाही’च्या यादीत जातात. कोटेशन पंधरा दिवसांपुरतंच लागू असं खाली लिही. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस लागला की शेतांतून ट्रॉल्या निघत नाहीत आणि मातीचा भाव चढतो. त्यांना या पावसाळ्यात लागवड हवी असेल तर माती त्याआधी पडायला हवी, हेही सांग. लाद्यांचा आकडा ऐकून ते नर्सरीवाल्याकडे गेले तर जाऊ दे. तुझे तेवढे दिवस दुसऱ्या कुणाच्या कामी येतील.

– काका